प्लेशावरची विहीर

ल्युब्ल्यानाच्या बाजारात, आंबवलेल्या कोबीच्या पिंपांपाशी, पोलोना येरामचा पाय घसरला. फार नाही, वीतभर. पिंपातलं खारं पाणी फरशीवर सांडलं होतं, जानेवारीच्या थंडीनं त्याची काच झाली होती, आणि त्या काचेवरून तिच्या उजव्या बुटाची टाच सुळकन पुढं गेली. ती पडली नाही. पिंपामागची बाई, डोक्याला लोकरी रुमाल, हात कोपरापर्यंत लालबुंद, चिमट्यात कोबीचा झुबका तसाच धरून मनापासून हसली. "अगं, तू ती येराम ना? सव्वाशेच्या वेगानं डोंगर उतरतेस, आणि माझ्या कोबीच्या पाण्यानं तुला नाचवलं होय?" शेजारच्या मधवाल्यानं मान लांब केली. "नऊ दिवसांनी प्लेशावर शर्यत आहे तिची. मावशी, तिचा पाय मोडला असता तर गावानं वाळीत टाकलं असतं तुला." "टाकू दे की. कोबी न्यायला येतीलच झक मारत." पोलोनाही हसली. कोबी घेतला, मावशीनं वर घातलेली मूठभर भरही घेतली, आणि नदीच्या कडेनं घराकडं चालायला लागली.

पण चालताना हसू मागं राहिलं. पडलो नाही म्हणून हायसं वाटायला हवं होतं, ते वाटेना. काहीतरी चुकलं होतं, आणि ते फरशीवर चुकलं नव्हतं, अंगात चुकलं होतं. पूल ओलांडताना तिला ते उमगलं. पाय सरकला की तिचं अंग मिटतं. गुडघे वाकतात, पाठ गोल होते, मुठी पुढं येतात. चार वर्षांची असल्यापासून मिटत आलंय. मांजर पडताना वळतं तसं, कुणी न सांगता. आज ते मिटलं नाही. आज ते ताठ उभं राहिलं. कणा खांबासारखा सरळ, हनुवटी वर, हात दोन्हीकडं पसरलेले, मिरवणुकीत मेणबत्ती सांभाळणाऱ्या म्हातारीसारखे. आयुष्यात एकदाही स्कीवर न चढलेली बाई जशी उभी राहील तशी ती उभी राहिली. तिनं पुलाच्या कठड्याला हात लावला. दगड गार होता, हातमोज्यातूनही गार. खाली नदी हिरवट, सुस्त, कसलीच घाई नसलेली. कोबीचा आंबूस वास पिशवीतून नाकाशी येत होता आणि त्या वासानं दात शिवशिवत होते.

घरी येऊन तिनं कोबी ओट्यावर ठेवला, कोट काढलाच नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, घड्याळ हातात घेतलं, आजूबाजूचे सगळे आवाज बंद केले आणि डोळे मिटले. हे सगळेच स्कीवाले करतात. उतरण पाठ करायची, वाट आखणाऱ्या कापडी झेंड्यांचं दार न् दार, उंचवटा न् उंचवटा, आणि मग कुठंही बसून, विमानात, न्हाव्याच्या खुर्चीत, ती मनातल्या मनात उतरायची. पण पोलोनाचं उतरणं नुसतं उतरणं नसे, ते वेळेत असे. घड्याळाची कळ दाबून ती डोळे मिटी आणि खालची रेघ ओलांडली की पुन्हा दाबी. सेंट मॉरित्झला एकदा तिची मनातली उतरण निघाली एक मिनिट एकतीस आणि चार दशांश, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या उतरणीला लागली एकतीस आणि दोन. विंकोकाकानं, तिच्या स्कींना मेण लावणाऱ्या विंको झुपानेकनं, दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी धरून म्हटलं होतं, "बाईसाहेब, तुम्ही घरीच बसत जा. आकडा फोनवर कळवा. माझं मेण तरी वाचेल." तिनं आता कळ दाबली. प्लेशाचं वरचं टोक. पांढरं, टकलासारखं गुळगुळीत. पहिला उतार, दोन दारं, उंबरठा, मग लांब डावं वळण. ती उतरली, शेवटची रेघ ओलांडली, डोळे उघडले. एक मिनिट एक्केचाळीस. पुन्हा केलं. एक्केचाळीस आणि वर काही. प्लेशा सदतीसमध्ये उतरायला हवी. चार सेकंद. उतरणीच्या शर्यतीत चार सेकंदांत पंचवीस बायका मावतात.

तिसऱ्यांदा उतरताना तिनं स्वतःवर नजर ठेवली, चोरावर ठेवावी तशी. आणि तिला दिसलं. तीन चतुर्थांश उतरण झाल्यावर, विहिरीच्या काठावर, आतली पोलोना थांबत होती. थांबत होती म्हणजे अगदी पाय रोवून नव्हे. सरळ उभी राहत होती, खाली बघत होती, मग जात होती.

त्या जागेला विहीर हे नाव तिच्या आईनं दिलं होतं. प्लेशाच्या पायथ्याच्या गावात तेव्हा बर्फ दाबायचं यंत्र नव्हतं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात अख्खं गाव डोंगरावर जाई. बायका, पुरुष, शाळामास्तर, पाद्री, सगळे एका ओळीत खांद्याला खांदा लावून, स्की आडव्या, एकेक पाऊल बाजूला टाकत, थप थप थप, ताजं बर्फ तुडवत वरून खाली येत. दिवसभर तेच. पाय भरून येत, मग कुणीतरी गाणं धरी, आणि त्या गाण्यावर ओळ चाले. तेरेझा येराम, पोलोनाची आई, गाणं धरण्यात पटाईत. पाच वर्षांची पोलोना तिच्या शेजारी तिच्याएवढीच पावलं टाकायच्या हट्टानं पडत उठत असायची. पोरीला कंटाळा येऊ नये म्हणून आईनं डोंगराचं घर केलं. हा पहिला कडा म्हणजे उंबरठा. हे पुढं आलेलं टेंगूळ म्हणजे मिचा काकूचं कोपर, कारण मिचा काकू गर्दीत कोपरानंच वाट काढी. हा रुंद उबदार उतार, दुपारभर ऊन खाणारा, ही भट्टी. आणि भट्टीनंतर जमीन एकदम तुटते, पुढं नुसती हवा, आणि हवेखाली माघापर्यंत ऊन न पोचणारा काळपट निळा खळगा, ती विहीर.

उंबऱ्याशी वाक गं बाई, वाकून जा,
काकूच्या कोपराला घासून जा,
भट्टीशी थांबू नको, शिजतंय ते शिजू दे,
विहिरीत डोकावू नको, भिजतंय ते भिजू दे.

थप थप थप. त्या ठेक्यात पोलोनाच्या पायांना प्लेशा पाठ झाली, आणि प्लेशावरून जगातले बाकीचे डोंगर. ती जिथं जाई तिथं उतरणीला घर करी. कोर्तिनाच्या खडकांच्या फटीला तिनं देवडी म्हटलं, कॅनडातल्या एका लांबलचक सपाटीला आत्याचं बोलणं म्हटलं, कारण ती संपत नसे. बाकीच्या मुली दारांचे आकडे घोकायच्या, ही ओळी जुळवायची. प्रशिक्षकांनी चिडवलं, मग गप्प बसले, कारण सतराव्या वर्षी तिनं उसन्या स्कींवर तरुणांचं अजिंक्यपद घेतलं, एकविसाव्या वर्षी कोर्तिनाला मोठ्यांची पहिली शर्यत जिंकली, आणि खाली आल्यावर पत्रकारांनी पहिला प्रश्न विचारला, "काय वाटतंय?" ती म्हणाली, "भूक लागलीय." ते खरंच होतं. तिला त्या भुकेची चव अजून आठवते. पोट रिकामं, कान बधिर, तोंडात पितळेसारखं काहीतरी, आणि समोर सगळं जग नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख. जिंकणं म्हणजे तिला नेहमी ती भूक वाटत आली. चषक नाही, राष्ट्रगीत नाही. चषक आई फडताळात ठेवी आणि त्यात वाळलेले मशरूम भरी.

मग तीन वर्षांपूर्वीची प्लेशा. घरची शर्यत, सगळं गाव काठावर, ती तेव्हा तीस वर्षांची आणि अगदी भरात. विहिरीच्या काठापर्यंत तिला सगळं आठवतं. भट्टीवरचं ऊन, खाली बर्फ थोडं मऊ, स्कींचा आवाज जाड झालेला. मग काठ. मग लाल जाळं तोंडावर, त्याचा डांबरट वास, आणि आपला उजवा पाय आपल्याकडं बघतोय असं वाटणं. हेलिकॉप्टर. दहा महिने. गुडघ्यात दोन स्क्रू, जे हवा बदलली की आधी कळवतात. त्या पडण्याचं चित्रण तिनं पाहिलं नाही. त्यांच्या संघात रीत होती: पडलेल्यानं आपलं पडणं बघायचं नाही. ते मेण लावणारा बघतो, एकदा, स्कीची चूक होती का हे तपासायला, आणि मग ते त्याच्या कपाटात जातं. कुणी काढत नाही, कुणी बोलत नाही. त्यामुळं पोलोनानं तिचं पडणं स्वतःच रचलं, दवाखान्याच्या छताकडं बघत. माझा हव्यास झाला. घरचे लोक बघतायत म्हणून मी फार खाली दबले, फार वेगात गेले, डोंगरानं थोबाडीत दिली. हे तिनं इतक्यांदा मनाला सांगितलं की ते खरं झालं. पुढं ती परतली, आणि कशी परतली. पहिल्याच हिवाळ्यात चार शर्यती, मोसमाच्या अजिंक्यपदाचा स्फटिकाचा गोळा, पुढच्या हिवाळ्यात दुसरा. वर्तमानपत्रांनी तिला लोखंडी म्हटलं. पण ते दोन्ही हिवाळे कोरडे गेले होते, प्लेशावर बर्फच धरलं नाही, शर्यती रद्द झाल्या. जगातल्या सगळ्या डोंगरांवर ती जिंकली, आणि त्यांपैकी एकावरही विहीर नव्हती. आता तेहेतीस. हा मोसम शेवटचा, असं ती जाहीर बोलली होती. गोळे दोन पुरेत, तिसरा यंदा सगळ्यांच्या पुढं असलेल्या त्या तिरोलच्या तरुण पोरीनं न्यावा. तिला फक्त प्लेशा हवी होती. आपल्याच घरातल्या एका खोलीत पाऊल टाकायला भिऊन ती म्हातारी होणार नव्हती.

सराव सुरू होईपर्यंत तिनं किती वेळा डोळे मिटले याला गणती नाही. दर वेळी भट्टीपर्यंत गाणं पाण्यासारखं वाहे, आणि चौथी ओळ आली की जीभ टाळूला चिकटे. सरावाच्या पहिल्या दिवशी खरी प्लेशा पायाखाली आली, तिच्या वासासकट, देवदारांच्या आणि लिफ्टच्या वंगणाच्या, आणि तिला वाटलं, खरी आहे, आता अंगाला आठवेल. अंगाला आठवलं. काठाच्या पन्नास मीटर आधी, वेगातच, ती ताठ उभी राहिली. तिनं ठरवून नाही, अंगानं. छातीखाली वारा शिरला, तिला तो पंखासारखा जाणवला, कशीबशी उतरली, आणि पाटीवर एकोणिसावी. खाली कुंपणापलीकडं एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "वय होतंच ना रे शेवटी." फार हळू म्हणाली. हळू बोललेलंच नेमकं ऐकू येतं.

तासाभरानं ती मेणाच्या खोपीत गेली. विंकोकाका स्की शिकंज्यात धरून कडा घासत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, एका कानाला कमी ऐकू येणारा, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. खोपीत गरम मेणाचा गोडसर धूर. ती मेणाच्या खोक्यावर बसली.

"चहा?" काका म्हणाला.

"नको."

"मग तोंड असं का? मी लावलेल्या मेणाला एकोणिसावा नंबर कधी आला नव्हता. माझ्या घरी बायको जेवायला घालणार नाही."

"मेणाचं नाही काका."

"ते माहितीय मला. मेण बोलतं माझ्याशी. ते म्हणालं, आम्ही पळत होतो, वरची बाईच उठून बसली."

ती हसली नाही. "त्या दिवसासारखं होईल अशी भीती वाटते," ती म्हणाली. हे वाक्य तिनं तीन वर्षांत कुणापुढं उच्चारलं नव्हतं, आणि आता ते मेणाच्या धुरात सहज बाहेर पडलं. "त्या दिवशी मी फार खाली गेले. हाव सुटली. आता अंगच म्हणतं, सावकाश, उभी राहा."

काकाची कानस थांबली. त्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर ढकलला. "कोण म्हणालं तुला, फार खाली गेलीस?"

"कुणी कशाला म्हणायला हवं? मला माहितीय."

"तू पाहिलंयस?"

"रीत नाही ना."

"रीत," काका म्हणाला, आणि कानस बाजूला ठेवून फडक्याला हात पुसायला लागला, एकेक बोट, उगीच वेळ काढत. खोपीबाहेर कुणीतरी कुणाला तरी फावडं मागत होतं. "तीस वर्षं मी ही रीत पाळतोय, पोली. माझ्या कपाटात अकरा जणांची पडणी आहेत. दोघांनी नंतर लग्नात बोलावलं मला, तरी बोललो नाही. रीत चांगली आहे. माणसानं आपलं पडणं बघितलं की ते पुन्हा पुन्हा पडतं. पण तू न बघताच भलतंच पडणं घेऊन बसलीस, ही रीत कुणी केली?"

"म्हणजे?"

"तू खाली नव्हतीस. तू उभी राहिलीस." त्यानं तळहात आडवा धरला, मग हळूच वर उचलला. "भट्टी संपली, काठ आला, आणि काय मनात आलं देव जाणे, घरचे लोक होते म्हणून असेल, तू जपलंस. उठलीस, खाली डोकावलीस. वारा छातीखाली गेला आणि त्यानं तुला उचलून पाठीवर टाकलं. दबा धरून राहिली असतीस तर चार हात हवेतून जाऊन मांजरासारखी उतरली असतीस. स्की माझ्या तेव्हा उत्तम होत्या, तेही सांगून ठेवतो."

पोलोना बसून राहिली. कसलाही उजेड बिजेड पडला नाही तिच्यात. उलट जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं झालं. तीन वर्षं ती ज्या गोष्टीपासून पळत होती ती तिनं कधी केलीच नव्हती, आणि जिच्या आसऱ्याला पळत होती तिनंच तिला पाडलं होतं. बाजारात, कोबीच्या पाण्यावर, ताठ उभी राहिलेली ती बाई तिला आठवली. ती बाई तीन वर्षं तिच्या अंगात भाड्यानं राहत होती, आणि पोलोना तिला शहाणी समजत होती.

"काका, हे तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर?"

"परतल्यापासून तू जिंकतच होतीस. जिंकणाऱ्या माणसाला कोण काय सांगतं? आणि जाऊन कुणाला बोलू नकोस मी बोललो म्हणून. माझी अब्रू आहे." त्यानं कानस उचलली. "आता जा. तुझ्या बसण्यानं माझं मेण गार होतंय."

दुसऱ्या दिवशीचा सराव धुक्यानं खाल्ला. दिवसभर ती खिडकीशी बसून राहिली. डोंगर दिसत नव्हता, फक्त पांढरं, आणि पांढऱ्यात कुठंतरी लिफ्टच्या चाकाचा कुरकुर आवाज. डोळे मिटून उतरायचा तिनं एकदाही प्रयत्न केला नाही. कळलं होतं ते डोक्याला कळलं होतं. गुडघ्यांना, पोटाला, मानेला ते कळलंय की नाही हे विचारायची सोय एकच होती, आणि ती आता शर्यतीतच होती. पाठीला सांगून उपयोग नसतो, ती आपलं ऐकत नाही. दुपारी तिनं आईनं पाठवलेल्या कुट्टूच्या काळपट पिठाचा घट्ट उकडलेला गोळा ताकाबरोबर खाल्ला, दोनदा घेतला, आणि बाळासारखी झोपली.

शर्यतीच्या सकाळी धुकं फाटलं. पाहणीच्या वेळी, उतरण शेवटची डोळ्यांखाली घालायची म्हणून सगळ्या जणी स्की आडव्या घसरवत सावकाश खाली येतात, तशी ती विहिरीच्या काठाशी आली. काठाला नारिंगी जाकिटातली माणसं फावडी आणि दंताळी घेऊन उभी होती. गावात आता यंत्रं होती, तरी काठ हातानंच करावा लागे, तिथं यंत्र जात नाही. नारिंगी जाकिटातल्या सर्वांत बुटक्या माणसानं दंताळं बर्फात रोवलं आणि कमरेवर हात ठेवले. तिची आई. एकसष्ट वर्षांची. लेकीची शर्यत ती कधी बघत नसे, दूरचित्रवाणी लागली की गोठ्यात जाऊन गायीशी बोलत बसे. प्लेशाची गोष्ट वेगळी. प्लेशावर काम असे.

"जेवलीस?" आई म्हणाली.

"सकाळचे साडेआठ वाजलेत, आई."

"म्हणून विचारलं. उपाशी नको उतरूस."

पोलोना काठावर ओणवी झाली. खाली खळगा, निळा, पाट्यावरच्या डागासारखा. "त्या दिवशी तू इथंच होतीस?"

"मग कुठं असणार?"

"मी उभी राहिले होते?"

आईनं तिच्याकडं पाहिलं नाही, दंताळ्याच्या दात्यात अडकलेलं बर्फ बोटानं काढत राहिली. "राहिलीस की. चांगली चर्चमध्ये उठून उभं राहतात तशी."

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलंस? आलीस ती पायाला पट्टे बांधून. म्हणालीस, माझा हव्यास नडला. मी म्हटलं, हिला हव्यास वाटतोय तर वाटू दे, हव्यासाचं दुःख बरं. भ्यालीस असं तोंडावर कसं सांगू पोरीला?" मग दंताळं उपसून ती म्हणाली, "चल हो पुढं, मागं त्या परदेशी पोरी थांबल्यात. वाट अडवू नये."

ती पुढं झाली. भ्यालीस. हा शब्द तिला लागायला हवा होता. तो लागला नाही. तो तिनं जिभेवर फिरवून पाहिला तर लहान निघाला, हातात मावणारा, शाळेत हरवलेल्या हातमोज्याएवढा. हव्यास केवढा मोठा होता. हव्यासाला डोंगराएवढी शिक्षा लागते. भ्यालेल्या माणसाला फक्त पुन्हा जाऊन बघावं लागतं, किंवा न बघता पुढं जावं लागतं.

तिचा उतरायचा क्रमांक सोळावा. तिच्या आधी सगळ्या मातब्बर उतरून गेल्या होत्या. तिरोलची पोर पहिली, एक मिनिट अडतीस आणि काही शतांश, आणि ती खाली उभी राहून हातमोज्यानं नाक पुसत होती म्हणे. वर, सुरुवातीच्या लाकडी खोपट्यात, विंकोकाकानं खाली वाकून तिचे बूट तपासले, स्कींच्या तळावरून तळहात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "बाईसाहेब," तो म्हणाला, "मेण म्हणतंय, आज मधे उठू नका." मग तिच्या पाठीवर दोन थापा मारून बाजूला झाला. समोर दांडी. दांडीपलीकडं प्लेशाचं टक्कल, त्यापलीकडं दरी, त्यात गाव, त्यात वीस हजार माणसांचा पुसट गुंजारव, मधमाश्यांच्या पेटीसारखा. घड्याळ टिकटिकलं. पाच, चार. तिनं काठ्या रोवल्या.

उंबऱ्याशी वाक गं बाई. ती वाकली. पहिल्या पाच ढकलींनंतर वारा घट्ट झाला, त्याला अंग आलं, आणि तिनं त्या अंगात स्वतःला खिळ्यासारखं ठोकलं. लांब डावं वळण. कडा बर्फात गेल्या आणि बर्फानं धरल्या. काकूचं कोपर, ती त्याला इतकी घासून गेली की दाराच्या कापडानं खांद्याला चापट मारली, आणि त्या चापटीनं तिला आनंद झाला, ओळखीच्या माणसानं गर्दीत मारावी तशी होती ती. पाय बोलत होते, थप थप थप, अख्खं गाव खांद्याला खांदा लावून तिच्याखाली होतं, मास्तर, पाद्री, मिचा काकू, गेलेली माणसं आणि असलेली, त्यांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली जमीन तिला वर उचलत होती. भट्टी. ऊन. गुडघे छातीशी, मुठी हनुवटीपुढं, ती दबा धरून बसली, आणि वेग वाढत गेला, वाढत गेला, डोळ्यांत पाणी आलं आणि कानांच्या दिशेनं पळालं. आणि तिथं, काठाच्या पन्नास मीटर आधी, ती बाई उठायला लागली. तिला जाणवलं. माकडहाडातून कळ निघाली, कण्यात वर चढली, मान ताठ होऊ पाहत होती. पोलोनानं तिला ढकललं नाही. ढकलायला वेळ नव्हता. ती फक्त आणखी वाकली, इतकी की हनुवटी मुठींवर आपटली आणि दात वाजले, आणि त्या बाईला उठायला जागाच उरली नाही. भिजतंय ते भिजू दे. काठ गेला. काही क्षण खाली काहीच नव्हतं, आवाजसुद्धा नाही. तिला विहीर दिसली नाही. तिला आपले हातमोजे दिसले, निळे, त्यांवर शिवणीचा एक सुटलेला दोरा, आणि त्या दोऱ्याकडं ती मोठ्या मायेनं बघत राहिली. मग जमीन आली. तीनपट वजनानं आली, मांड्यांवर अख्खा डोंगर बसला, आणि मांड्या म्हणाल्या, बस.

त्यापुढं गाणं नव्हतं. पुढच्या पंचवीस सेकंदांना तिनं शब्द दिले नाहीत, ते मिळालेच नाहीत. डावं वळण आलं आणि गेलं, देवदारांची सावली पट्ट्या पट्ट्यांनी अंगावरून धावली, गुडघ्यातले दोन्ही स्क्रू गप्प होते. खाली गुंजारवाची आता गर्जना झाली होती, एकसंध, जाड, आणि ती त्यात शिरली, रेघ ओलांडली, आडवी वळली, बर्फाचा पंखा उडाला. पाटीकडं बघायच्या आधीच तिला कळलं, कारण पोटात भूक उठली होती, लख्ख, बेफाम, एकविसाव्या वर्षाची. मग तिनं पाहिलं. हिरवा आकडा. एक मिनिट सदतीस आणि चार. तिरोलच्या पोरीहून अर्धा सेकंद आणि वर काही कमी. वीस हजार माणसं उभी होती, ढोल, घंटा, गायींच्या गळ्यातल्या घंटा, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी तिच्या नावातलं प्रत्येक अक्षर वेगळं ओरडत होतं. तिरोलची पोर जवळ आली, तिनं हेल्मेटला हेल्मेट टेकवलं, "म्हातारे," ती मोडक्या बोलीत म्हणाली, "मला वाटलं तू यंदा निवृत्त होतेस." "होतेय की," पोलोना म्हणाली. "तोवर थांबायचं होतंस."

कुणीतरी तिच्या पाठीवर टिचकी मारली. उतरणीवरच्या कामकऱ्यांचा मुकादम, हातात बोलायचं यंत्र, चेहरा गोंधळलेला. "तुमच्यासाठी आहे," तो म्हणाला. "विहिरीवरून. हे खासगी बोलायला नसतं असं मी सांगितलं, पण त्या बाई ऐकत नाहीत."

तिनं यंत्र कानाशी धरलं. खरखर, वारा, फावड्याचा आवाज. मग आई.

"पोली?"

"हो, आई."

"कितवी आलीस?"

"पहिली."

"असं." आईचा श्वास मोठा होता, तिनं चढ चढल्यासारखा. "तुझ्या स्कींची रेघ काठावर फार खोल गेलीय. इतक्या खालून कुणी गेलं नव्हतं आज. दोघंजणं लागतील बुजवायला."

"मग?"

"मग काय, बुजवतोय. पुढची पोर निघालीय वरून, कोवळी दिसतेय, तुझ्या खाचेत अडकायची बिचारी. ठेव आता." यंत्र बंद करायचं राहून गेलं असावं, कारण पोलोनाला त्यानंतरही ऐकू येत राहिलं, दंताळ्याचे दात बर्फातून लांब लांब ओढले जाताना, आणि आई कुणाला तरी सांगत होती, इकडून घे, नीट घे, माझ्या लेकीची आहे ती.